चार मायक्रॉन

ड्रॉइंगवर नाव नव्हतं.
नुसता नंबर, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात
कुठल्यातरी कंपनीच्या कंपनीची कंपनी.
हिंदुराव मेस्त्री म्हणाला, पंपाची असणार.
उद्यमनगरात नाव नसलेली वस्तू
पंपाचीच असते.

सात रिंगा मागितलेल्या, मी नऊ काढल्या.
बांगडीएवढ्या. जाडी पोस्टकार्डाइतकी.
रात्रपाळीला काढल्या, कारण दिवसा
शेजारचा प्रेस आपटतो
आणि गल्लीतून ट्रॅक्टर गेला तरी
टूलला कळतं.

सुनेत्राबाई मगदूम एसीच्या खोलीत बसतात,
चप्पल बाहेर काढून जायचं, देवळासारखं.
आठ पास केल्या. नववी परत.
"चार मायक्रॉन."
म्हटलं बाई, केस सत्तर मायक्रॉनचा असतो,
माझ्या डोक्यावर राहिलेत त्यातला एक देऊ का?
हसल्या.
पण रिंगेला लाल शाई लावलीच.

दीड वर्षानं कळलं, ती पंपाची नव्हती.
ढग बघणाऱ्या उपग्रहाच्या
भिंगामागं बसते म्हणे.
सातांतली नेमकी कुठली बसली
ते कोण सांगणार.

उडवायचा दिवस. नेमकी लाईट गेलेली.
बंद मशीनांमध्ये आम्ही सहाजण,
कूलंटच्या डब्याला टेकवलेला एक मोबाईल.
तिकडं समुद्राकाठी तो उभा,
चैत्रात जोतिबाला सासनकाठी उभी करतात तसा,
फक्त त्याला दोऱ्या धरणारं कोणी दिसत नव्हतं.
"एवढं धूड," पोरगा म्हणाला, "उचलंल?"
हिंदुराव गंगावेस तालमीत आठ वर्षं होता.
म्हणाला, जड गडी उचलायचा तर
आधी आपण खाली बसायला लागतं.
बघ, बसतोय.

खालून जाळ आला.
आणि रॉकेट तिथंच.
तिथंच.
कळेना,
ते अडलंय की नेट.

मला सुतार मळा आठवला.
एकोणीस साली पाणी असंच उभं होतं दारात,
चढेना, उतरेना,
आणि इलाही नदाफ राजाराम बंधाऱ्यावरून
तासातासाला फोन करायचा, एवढे फूट, एवढे इंच.
त्याच्या आकड्यावर आम्ही गाद्या माळ्यावर नेल्या,
मग भांडी, मग आईला.

नेट आलं तेव्हा जाळ नव्हता, धूर नव्हता.
काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ
वाकत चाललेली.
तिकडची माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती.
आम्ही वाजवल्या, जरा उशिरा,
एकमेकांकडं न बघता.

संध्याकाळी इलाहीला सांगितलं.
छत्तीस हजार किलोमीटरवर जाणार,
आपल्यासोबत फिरणार,
दाजीपूरवर ढग दाटला की आधी त्याला दिसणार.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, म्हणजे माझी पट्टी गेली?
हिंदुरावानं फोन हिसकावला.
"अरे, वरनं ढग दिसतील.
पाणी कुठल्या पायरीला लागलं
ते तुलाच वाकून बघायला लागणार.
आज किती?"
"बारा फूट."
"लिहून ठेव."

नववी रिंग माझ्या घरी आहे.
भिंतीवर पुराची रेघ अजून दिसते,
दोनदा चुना मारला तरी,
त्या रेघेवरच्या खिळ्याला अडकवलेली.
कडा मी पॉलिश पेपरनं मारल्यात,
कारण मुलगी ती बांगडी म्हणून घालते.
तिच्या मनगटाला
चार मायक्रॉन कळत नाहीत.

लाईट साडेसातला आली.
चक फिरला.
पंपाच्या बाराशे बुश द्यायच्या होत्या शनिवारी,
या खरंच पंपाच्या,
तरी मी पहिलीच
दोनदा मापली.